आवाजी निरोपांचा ठराव

बाबांचा छापखाना शाहूपुरीत. लग्नपत्रिकांवर आमची चूल पेटायची आणि पत्रकांवर डोकी. पाणीपट्टी वाढली, काढा पत्रक. बसचा थांबा हलवला, काढा पत्रक. मी अक्षरं शिकले ती ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर. शाळेत ‘माझी आई’ हा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी सुरुवातच ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा!’ अशी केली होती. बाईंनी तांबडा शेरा मारला. बाबा तो निबंध छापायलाच निघाले होते, आईनं अडवलं.

अशा घरातल्या मुलीनं म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवायचं ठरवलं ते समाजसेवा म्हणून नव्हे. मला राग आला होता. बँकेत गेलं की ‘ऑनलाइन करा’, पेन्शनच्या खिडकीत ‘ऑनलाइन करा’, रेशनला गेलं तरी तेच. खिडकीपलीकडचा माणूस मान वर न करता सांगतो आणि अलीकडं सत्तरीचं माणूस पिशवी छातीशी धरून उभं असतं. ज्यांनी आयुष्यभर राबून हे सगळं उभं केलं त्यांनाच बाहेर ठेवायचं, आणि दाराला कुलूप नाही, पासवर्ड लावायचा! हे सगळं मी आमच्या उचगावात, दूध संस्थेच्या माडीवर, वर्गाच्या पहिल्या दिवशी टेबलावर मूठ आपटून सांगितलं.

समोर बसलेल्या पैलवानांनी शांतपणे विचारलं, “पोरी, चहा कधी हाय?”

माडीवर एका बाजूला पेंडीची पोती आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या एका कॅफेतून आणलेले जुने कॉम्प्युटर. खालून दुधाचा आंबूस वास यायचा. पैलवान म्हणजे आमच्या ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष. तरुणपणी कुस्त्या मारलेल्या, आता गुडघे दुखतात. त्यांनी पहिल्या दिवशी माऊस असा धरला की तो चीत झाल्याशिवाय सोडणारच नाहीत असं वाटलं. चिटणीस म्हणजे सेक्रेटरी. आयुष्यभर सहकारी संस्थेत सचिव होते, निवृत्त झाले तरी लोक ‘सेक्रेटरी’च म्हणतात, आणि त्यांची बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणते.

वर्गात कामाचं शिकवून झाल्यावर मी मंडळाचा फोनवर ग्रुप काढून दिला. माझी कल्पना अशी की इथं हक्कांची चर्चा होईल. सेक्रेटरींनी ग्रुपची संस्थाच करून टाकली. ग्रुपवर काहीही टाकायचं तर सूचक पाहिजे आणि अनुमोदक पाहिजे. सकाळी गुलाबाच्या फुलाचं चित्र यायचं. खाली ‘सूचक: पैलवान’. मग कुणीतरी ‘अनुमोदन’ असं लिहायचं. त्यानंतर सेक्रेटरी ‘शुभ सकाळ मंजूर’ असं जाहीर करायचे, आणि खाली ‘आपला विश्वासू, सचिव’. एकदा पैलवानांनी फूल टाकलं आणि अनुमोदक मिळालाच नाही. दुपारी बारापर्यंत उचगावात अधिकृतरीत्या सकाळ झाली नव्हती.

मी म्हटलं, “काका, इथं सगळे समान असतात. अध्यक्ष नको, सचिव नको.”

“मग इतिवृत्त कोण लिवणार?” सेक्रेटरी म्हणाले. त्यांना खरंच काळजी वाटली होती.

या वर्गात अक्का आल्या त्या हुपरीहून. त्यांची बहीण उचगावात दिलेली, तिच्याकडं आठवड्याला एस.टी.नं यायच्या आणि तिचं बोट धरून वर्गात. माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून सगळ्यांच्या अक्का. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून पैंजणाच्या कड्या जुळवतात. डाव्या हातात साखळी, उजव्यात चिमटा. वर्गातही पिशवीतून साखळी काढून बसायच्या. आवाज असा की खाली दूध घालायला आलेली माणसं वर बघायची.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, “अक्का, तुम्हाला काय शिकायचंय? पेन्शनचा अर्ज? बँक?”

“मला बोलायचं हाय,” अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी गल्लीतल्या सगळ्या बाया एकाच सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, बसून काम करायच्या. दिवसभर हात चालायचे आणि हातांच्या दुप्पट तोंडं. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा कुठं बसतो, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं तिथंच. आता माल ज्याच्या त्याच्या घरी देतात. एक बाई, एक टोपली, समोर टीव्ही. कुणी गल्लीच्या टोकाला राहायला गेली, कुणी प्लॉट घेऊन गावाबाहेर, कुणी लेकाकडं.

“दीस दीस तोंड उघडत न्हाय मी, बग. सून कामावर, नात शाळेत. शिवल्यागत झालंय तोंड. हा तुझा फोन उसवतो काय ते सांग.”

अक्का दुसरीपर्यंत शिकलेल्या. अक्षरं ओळखायच्या, पण एकेक जोडून शब्द होईपर्यंत त्यांचा धीर संपायचा. मी त्यांना मराठीत टाइप करायला शिकवू लागले. आमच्या घरात लिहिणं म्हणजे जवळजवळ देवच. ज्याला लिहिता येतं त्याला कुणी फसवू शकत नाही, हे मी त्यांना तळमळीनं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि साखळी वर केली.

“तुझं लिवणं हातात धरलं तर चिमटा कशात धरू?”

मग मी त्यांना आवाजी निरोप दाखवला. माईकचं चिन्ह दाबायचं, वर सरकवायचं, की फोन आपोआप ऐकत राहतो आणि दोन्ही हात मोकळे. अक्कांनी फोन मांडीवर ठेवला, चिमटा उचलला आणि बोलायला लागल्या. त्या दिवशी एस.टी. चुकली.

पुढच्या काही आठवड्यांत अक्कांनी जुन्या सोप्यातल्या बाया एकेक करून ग्रुपात आणल्या. त्यांना फोनातलं सगळं अक्कांनीच शिकवलं, तेही फोनवरून ओरडून. दुपारी जेवणं झाली की सुरू. एकीचा निरोप संपला की फोन पुढचा आपोआप लावतो, त्यामुळं एकदा बोट लावलं की तासभर बघायला नको. मागं चिमट्याची टिकटिक, साखळीची खळखळ, मध्येच कुकरची शिट्टी. एक सांगायची, दुसरी म्हणायची, “खोटं, तवा मी तिथं हुतो.” बाकीचं मंडळ अवाक. पण ऐकायचे सगळे. पैलवान गोठ्यात फोन खुंटीला अडकवून ऐकायचे. म्हैस दूध जास्त देते असं त्यांचं मत होतं.

सेक्रेटरी तर एकही निरोप सोडायचे नाहीत. नोकरीत त्यांचा नियम होता, आलेलं टपाल त्याच दिवशी उघडायचं. न ऐकलेल्या निरोपाचा ठिपका दिसला की त्यांना चैन पडायचं नाही. कानानं कमी, म्हणून आवाज पूर्ण मोठा. कॉटवर आडवे, फोन छातीवर, आणि सगळी आळी ऐकते. त्यांच्या घरातल्या काकू मला एकदा हळूच म्हणाल्या, “दुपारची मालिका बंद केली बघ मी. हेच बरं हाय.” काकूही ग्रुपात होत्या, पण त्यांनी तिथं कधी चकार शब्द काढला नव्हता. नवरा सचिव असताना आपण काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. मी यावर त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी मला लाडू दिला.

ठिणगी पडली ती सेक्रेटरींच्या एका सूचनेवरून. त्यांनी ग्रुपवर भलीमोठी सूचना टाकली: ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ इथपासून निघालेली, चार वळणं घेऊन ‘सबब’वर पोचलेली. अक्कांचा निरोप आला.

“सेक्रेटरी, तुमची सूचना नातीकडनं दोनदा वाचून घेतली. पोर दमली. त्यात काय हाय? उद्या वर्ग धाऽला न्हाय, साडेधाऽला हाय. येवढंच हाय की!”

आणि सेक्रेटरींनी तो निरोप, नेमाप्रमाणे, पूर्ण आवाजात लावला. तेव्हा ते पारावर बसले होते.

तिसऱ्या दिवशी सभेची नोटीस निघाली. मंडळाची पहिली ऑनलाइन सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक तीन: ‘ग्रुपवर यापुढे केवळ लेखी मजकूर स्वीकारण्यात यावा व आवाजी निरोप बंद करण्यात यावेत.’

मी तावातावानं त्यांच्या घरी गेले. “काका, हे बायकांना बाहेर काढणं आहे. सरळ सरळ!”

“कुणाला बाहेर काढत न्हाय मी. लिवा म्हणतोय. बोललेलं उद्या फिरवता येतं. लिवलेलं फिरवता येत न्हाय. तुझ्या बाबांनाच विचार.”

पंचाईत अशी की हे वाक्य खरंच बाबांचं होतं. छापखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं आहे.

इकडं अक्कांनी दुसरंच हत्यार काढलं. त्या वेळी त्या एक गोष्ट सांगत होत्या, रोज दुपारी थोडी थोडी. गल्लीतल्या एका लग्नाची. नवरीचे पैंजण उंबऱ्यावर ठेवले होते आणि शेजारच्या शेळीनं त्यातली घुंगरं खाल्ली. चांदी पोटात घेऊन शेळी पळाली, आणि मागं नवरीचा बाप, सोनार, बँडवाले. शेळी तालमीत शिरली, तिथं गोष्ट येऊन थांबली होती. ठरावाची नोटीस आली आणि अक्कांनी जाहीर केलं, “आता सभा हुईस्तवर मी गप. ठराव झाला तर शेळी तिथंच ऱ्हाईल.”

मला भेटल्या तेव्हा मात्र त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. बहिणीच्या दारात बसून साखळी ओवत म्हणाल्या, “बाया पुन्ना एका जागी यायला किती वर्सं गेली बग. सोपा मोडला तवा कुणी विचारलं न्हाय. आता ह्यो बी मोडला तर मी कुटं शोधू त्यांना?”

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. ‘आवाज हा हक्क आहे!’ हे शीर्षक. जुन्या सोप्यापासून सुरुवात करून स्त्रीच्या श्रमाच्या इतिहासापर्यंत गेले. ग्रुपवर टाकलं. बरेच अंगठे आले. पैलवानांनी फूल टाकलं, सूचकाशिवाय. वाचलं कुणीच नव्हतं. अक्कांचा निरोप आला, “ब्येस लिवलंयस. पर लई लांब हाय की ग. सेक्रेटरीचीच भैन तू.”

सभा रविवारी दुपारी होती. सेक्रेटरी माडीवर कॉम्प्युटरसमोर, कडक इस्त्रीचा सदरा, शेजारी इतिवृत्ताची वही आणि टेबलावर फोन. मी बाजूच्या खुर्चीत, मदतीला. पडद्यावर चौकटी उघडत गेल्या. कुणाचं कपाळ, कुणाचा पंखा. पैलवान फेटा बांधून बसले होते, पण चौकटीत फेटाच तेवढा दिसत होता. अक्कांनी सभेला नातीचा फोन लावला होता. त्यांची हनुवटी, साखळी आणि चिमटा दिसत होता. स्वतःचा फोन मांडीवर. बाकीच्या बाया आपापल्या घरात, आपापल्या टोपलीपुढं.

आमच्याकडच्या सहकारी संस्थांच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. विषय वाचायचा, एका बाजूनं ‘मंजूर मंजूर’ असा गजर करायचा, दुसऱ्या बाजूनं ‘नामंजूर’. ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव, आणि गोंधळ फार झाला तर राष्ट्रगीत सुरू करायचं, की सगळे आपोआप उभे राहतात आणि सभा संपते. आमची सभाही तशीच निघाली. मागचं इतिवृत्त वाचलं, “मंजूर!” कॉम्प्युटर बिचारा जो मोठ्यानं ओरडेल त्याची चौकट मोठी करतो, पडदाभर पैलवानांचा फेटा. दुसरा विषय, पुन्हा फेटा.

विषय क्रमांक तीन. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य संपायच्या आत हुपरी पेटली. सगळ्या बाया एकदम. पडदा या चौकटीवरून त्या चौकटीवर उड्या मारायला लागला.

आदल्या दिवशी मीच सेक्रेटरींना एक बटण दाखवलं होतं. कुकर, टीव्ही, नातवंडं यांचा गलका झाला तर सगळ्यांचा आवाज एकदम बंद करता येतो. सेक्रेटरींनी ते बटण दाबलं.

शांतता. चौकटींमध्ये तोंडं उघडत होती, मिटत होती, चिमटे हवेत नाचत होते. आवाज फक्त एकाचाच चालू.

“ठराव मांडण्यात येत आहे. विरोध?” सेक्रेटरींनी पडद्याकडं गंभीरपणे पाहिलं. “विरोधाचा आवाज आला नाही. सबब...”

“काका!” मी उठलेच. “हे चालणार नाही! तोंड दाबून विचारताय, बोला म्हणून?”

“तू सभासद न्हाईस. शिक्षिका हाईस. खाली बस.”

मी माऊसकडं हात नेला, तेवढ्यात पडद्यावर काहीतरी झालं. अक्कांनी चिमटा खाली ठेवला. त्यांना साखळीशिवाय बसलेलं मी प्रथमच पाहत होते. आणि त्यांची चौकट गेली. मग बहिणीची गेली. मग हुपरीची एक, दुसरी, तिसरी. बाया सभा सोडून निघून चालल्या होत्या आणि पडदा रिकामा होत होता.

“बग,” सेक्रेटरी हळू म्हणाले. जिंकलेल्या माणसाचा आवाज तो नव्हता. “गेल्या.”

टेबलावरचा फोन वाजला.

सेक्रेटरींनी बघितलं. न ऐकलेल्या निरोपाचा ठिपका. आयुष्यभराची सवय, बोट विचार करायच्या आत गेलं.

“नामंजूर!” अक्कांचा आवाज माडीभर घुमला. “आन् सेक्रेटरी, आवाज बंद केला म्हंजी माणूस बंद हुतं व्हय?”

सभेतला एकमेव चालू माईक सेक्रेटरींसमोर होता. अक्का त्यांच्या फोनातून त्या माईकवर आणि माईकवरून उरलेल्या सगळ्या चौकटींत शिरल्या. सेक्रेटरी फोन उचलेपर्यंत पुढचा आपोआप लागला. “नामंजूर.” मागं खळखळ. पुढचा. “नामंजूर वो पावणं!” पुढचा. “नामंजूर, आन् शेळीचं काय झालं त्ये आमास्नी बी ऐकायचं हाय.” एकामागून एक, जशा त्या कड्या जुळवायच्या तशाच. चौकटींमधली म्हातारी माणसं आवाज न करता हसत होती, खांदे गदगदा हलत होते. पैलवानांनी उठून मांडीवर शड्डू ठोकला. तोही मुका.

“काका, बंद करा की फोन,” मी म्हटलं. हसू दाबत म्हटलं, हे मान्य आहे.

“कसा बंद करू?” सेक्रेटरी हताशपणे म्हणाले. “टपाल आलंय.”

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आता संपले असं वाटून त्यांनी फोन खाली ठेवला, तर आणखी एक आला. बारीक, चाचरता आवाज. ग्रुपवर आजवर कुणी न ऐकलेला.

“अहो... नामंजूर. आन् येताना कोथिंबीर आणा.”

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि मला म्हणाले, “अध्यक्षांचा आवाज चालू कर.”

मी केला. पैलवान माडी हादरेल असे बोलले, “सेक्रेटरी, सभेत ऐकू आलं ते सभेत झालं! काय?”

“नियमानं तसंच आहे,” सेक्रेटरी म्हणाले. वही पुढं ओढली आणि लिहिलं: विषय क्रमांक तीन, सभासदांनी आवाजी मतदानानं नामंजूर केला. सूचक, अनुमोदक. खाली सही. अक्षर नेहमीसारखंच ताठ होतं.

बाया परत आल्या. चौकटी भरल्या. राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले, त्यामुळं पडद्यावर नुसती पोटं, निऱ्या आणि एक धोतर. मधल्या चौकटीत लोंबणारी चांदीची साखळी. मी सगळ्यांचे आवाज चालू केले होते. कुठलेही दोन सूर एका वेळी पोचत नव्हते. बेसूर होतं, पण बुलंद होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, ग्रुपवर अक्कांचा निरोप आला. आधी चिमट्याचा आवाज, मग घसा खाकरल्याचा.

“हां. तर कुटं हुतो मी?”

मी उत्तर द्यायच्या आत खाली लेखी मजकूर उमटला होता. लिहिणाऱ्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच सूचकाशिवाय, अनुमोदकाशिवाय.

‘शेळी तालमीत शिरली, तिथे आपण थांबला होता. कृपया पुढील भाग सत्वर सादर करावा. आपला विश्वासू, सचिव.’